वास येत नव्हता

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाडीवरच्या घरी, गोठ्यात होतो. रविवार होता. म्हैस पान्हा चोरत होती आणि मी तिच्यावर वैतागलो होतो. शैलावहिनी, मिलिंदची बायको, फोनवर एवढंच म्हणाल्या की पहाटे गेले, दुपारी नेणार आहोत, तुम्ही या. फोन खिशात टाकून मी अंगणात आलो. ओट्यावर माझे चुलते, तात्या, आरसा पुढ्यात ठेवून दाढी करत बसले होते. कोण गेलं म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मिलिंद, महाडचा, कंडक्टर होता तो. आरशातून नजर न काढता तात्या म्हणाले, "म्हंजे दारूनंच गेला शेवटी." पुढचं मला सलग आठवत नाही... तात्यांच्या बनियनची गळपट्टी माझ्या मुठीत होती, आरसा खाली फुटून पडला होता, त्यांच्या गालावर वस्तऱ्याची रेघ उठली होती आणि साबणाच्या फेसात लाल उतरत होतं. माझी बायको माझ्या दंडाला लोंबकळून ओरडत होती. सत्तरी ओलांडलेला माणूस, मला अंगाखांद्यावर खेळवलेला. मी सोडलं. तो दारू पीत नव्हता, हे तीन-चार शब्दांचं वाक्य मात्र माझ्या तोंडून निघालं नाही, कारण दारूचं वाक्य तात्यांच्या तोंडात घालणारा मीच होतो. तेरा वर्षांपूर्वी.

आता या गोष्टीला पाच आठवडे झाले. लेख लिहिणं हे माझं काम नव्हे. मी गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर आहे, जखमा धुतो, पट्ट्या बांधतो, डॉक्टर सांगतील ते टोचतो. रागीट आहे, हे आमच्या वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. गेलेल्या माणसाबद्दल चार गोड गोष्टी लिहायच्या असतात, एवढं मला कळतं. पण मिलिंदबद्दल लिहायचं तर आधी स्वतःबद्दल लिहावं लागतं आणि ते गोड नाही.

पोलादपूरहून आमच्या डोंगरावर एसटी येते, ती वाडीच्या खाली वळणावर थांबते आणि तिथूनच परत फिरते. त्या गाडीवर तेव्हा मिलिंद कंडक्टर होता. माझी धाकटी बहीण सुवर्णा महाडला कॉलेजात होती, ती याच गाडीने दुपारची घरी यायची. एके दिवशी ती आली ती रडवेली, पिशवीचा बंद तुटलेला. कंडक्टर अंगावर पडला म्हणाली. पुढे ती आणखीही काही सांगत होती. दादा, ऐक ना, त्यांचा पाय अडकला, परवा पण ते असेच पडले होते, त्यांनी माफी मागितली... ती हे सांगत होती आणि मी ऐकत नव्हतो. 'अंगावर पडला' एवढेच शब्द माझ्या डोक्यात शिरले होते आणि त्यांनी दार लावून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी वळणावर आली तेव्हा आम्ही आठजण उभे होतो. मिलिंद पायरीवरून उतरत होता. डावा पाय त्याने जमिनीवर टेकला आणि तो पाय मुडपला. दांडीला धरून तो लोंबकळला. मी विचारलं, काल काय केलंस? तो बोलायला लागला, पण जीभ जड झालेली, शब्द एकमेकांत अडकलेले. कोणीतरी मागून म्हणालं, "प्यायलाय काय रं?" आणि मी, त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर उभा असलेला मी म्हणालो, "वास येतोय की." वास येत नव्हता. त्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास होता, शर्टाला घामाचा. हे मला तेव्हाही कळलं होतं. मग मी पहिला ठोसा त्याच्या पोटात मारला.

तो सरळ खाली बसला. बसलेल्याला आम्ही मारलं. मांडीवर लाथा, दंडावर, कमरेखाली. तिकिटाचं मशीन कोणीतरी दगडावर आपटलं. ड्रायव्हर मध्ये पडला तर त्याला ढकलून गाडीला चिकटवून धरलं. कोणीतरी नाव विचारलं. त्याने सांगितलं, आडनावासकट सांगितलं, आणि आडनाव ऐकल्यावर आमचे हात आणखी मोकळे झाले. हे लिहायला नको, असं माझी बायको म्हणते. पण झालं तसंच. तो उठायचा प्रयत्न करायचा आणि त्याचा पाय त्याला उठू द्यायचा नाही, आणि आम्हाला वाटायचं बघा, किती प्यायलाय. वर आम्ही तक्रार लिहून दिली: वाहकाने मद्यपान केले होते, तोंडाला वास येत होता, त्याचा तोल जात होता. पहिली सही माझी. कागदावर आठ सह्या असल्यावर डेपोतले साहेब तरी काय करणार, त्यांनी त्याला घरी बसवलं.

चार-पाच महिन्यांनी दवाखान्यात मी एका शेळीची जखम धूत असताना एक बाई आली. दत्ता तुम्हीच का, तिने विचारलं. मी हो म्हणताच तिने माझ्या थोबाडीत मारली. शेळीची मालकीण शेळी ओढत बाहेर पळाली. त्या शैलावहिनी. त्यांनी पिशवीतून मोठ्या काळ्या फिल्मा काढल्या आणि एक फिल्म खिडकीच्या काचेवर दाबून धरली. "हा माझ्या नवऱ्याचा मेंदू आहे," त्या म्हणाल्या. "हे पांढरे ठिपके दिसतात? यात दारू कुठाय, तेवढी बोट ठेवून दाखवा." मग त्यांनीच सांगितलं. मल्टिपल स्क्लेरोसिस, एमएस. नसांवर एक आवरण असतं, वायरीवर प्लास्टिक असतं तसं. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच ते आवरण परकं समजून कुरतडतात. म्हणून पाय मुडपतो, जीभ जड होते, डोळ्यांना एकाचे दोन दिसतात. मिलिंदला स्वतःलाच त्या दिवसांत कळत नव्हतं आपल्याला काय होतंय. त्यांना माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती, खरं काय ते लिहून. मी 'बघतो' म्हणालो. पंधरा दिवस कोरा कागद खिशात घेऊन हिंडलो. शेवटी सुवर्णा म्हणाली, तू लिही, नाय तर मी लिहिते आणि त्यात तुझं नाव घालते. तेव्हा लिहिलं.

त्या कागदावर आणि डॉक्टरांच्या कागदावर मिलिंदला परत घेतलं, चौकशीच्या खिडकीवर बसून करायचं काम दिलं. मी त्याला भेटायला गेलो ते पाय ओढतच. खिडकीपलीकडून तो म्हणाला, जय भीम, बसा. त्याच्या भुवईवर आमची खूण होती. मी माफीचं काहीबाही बोलायला लागलो तर त्याने हाताने थांबवलं. "तोल माझा गेला आणि तुमचाही गेला," तो म्हणाला. "माझा दुखण्यानं गेला. तुम्ही दिलात तो कागद फायलीत राहील, त्याला कोण वाचणार. मारलंत वरती, वळणावर, सगळ्यांच्या देखत. तिथं सांगा वास नव्हता म्हणून." मी म्हटलं, सांगतो. वाडीत गेलो आणि सांगितलं नाही. सुवर्णाचं लग्न व्हायचं होतं. कंडक्टर प्यालेला नव्हता म्हटलं की लोक विचारणार, मग पोरीच्या अंगावर पडला कशाला? असं मी स्वतःला समजावलं. सुवर्णाचं लग्न झालं, तिला मुलं झाली, ती खेडला नांदते, आणि मला दरवर्षी नवं कारण सापडत गेलं.

न सांगण्याची भरपाई म्हणून मी मिलिंदची सेवा करायला निघालो. हेही माझ्या रागीटपणासारखंच, आधी करायचं मग विचारायचं. सवच्या गरम पाण्याच्या कुंडात नसा मोकळ्या होतात, आमच्याकडे सगळेच मानतात. अंग धरलं, सांधे आखडले की सवला जा. मी मिलिंदला मोटारसायकलवर घालून तिकडे नेलं. वहिनी नको म्हणत होत्या. तो छातीपर्यंत पाण्यात बसला, मी काठावर बसून मोठा पुण्यवान असल्यासारखा बघत होतो. दहा मिनिटांत तो म्हणाला, "दत्ता, मला दिसत नाय." मला वाटलं वाफेनं असेल. मग त्याचे पाय सुटले, पाठ दगडावरून घसरली आणि डोकं पाण्याखाली गेलं. मी कपड्यांसकट उडी टाकली. ओल्या पोत्यासारखं अंग, कुठेही धरलं तरी निसटत होतं, शेवटी केसांना धरून वर ओढला. नाकातोंडातून पाणी काढायला त्याच्या पाठीत बुक्के घातले. आणि बुक्के घालता घालता मला ते वळण आठवलं, हेच हात, हीच पाठ, आणि मी त्या काठावर हमसाहमशी रडलो. तासाभराने अंग थंड झालं तशी त्याची नजर परत आली. या आजारात उष्णतेनं नसा आणखी बंद पडतात, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. मिलिंद म्हणाला, "पहिल्या वेळी जमलं नाय म्हणून दुसऱ्यांदा प्रयत्न केलास होय?" त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायला लागलो.

मग औषध सुरू झालं. मुंबईहून महिन्यातून एकदा नसांचे डॉक्टर यायचे, त्यांनी लिहून दिलं. भरलेल्या सिरिंजा, फ्रीजमध्ये ठेवायच्या, सोमवार-बुधवार-शुक्रवार कातडीखाली टोचायच्या. मिलिंदचे हात थरथरायचे, वहिनींना सुई बघवत नव्हती. माझी तेव्हा महाडला बदली झाली होती. मिलिंद म्हणाला, मारायला हात चालतो तर टोचायलाही चालेल, ढोरांना टोचतोस तसं टोच. वहिनी दारात उभ्या राहून बघत असत, पहिलं वर्षभर त्यांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही. एकाच जागी टोचलं तर गाठ धरते, म्हणून जागा बदलायच्या. डॉक्टरांनी चित्रावर खुणा करून दिल्या होत्या. पोट, मांड्या, दंडाची मागची बाजू, कमरेखाली. मी ते चित्र हातात घेऊन बघितलं. आम्ही जिथे जिथे मारलं होतं, नेमक्या त्याच जागा.

औषध कसं काम करतं ते डॉक्टरांनी समजावलं होतं. प्रथिनांचे बारीक तुकडे, पेप्टाइड म्हणतात. नसांवरच्या आवरणातल्या प्रथिनासारखेच दिसणारे. ते थोडे थोडे नेमाने शरीरात जात राहिले की हल्ला करणाऱ्या पेशी काही त्यांच्याकडे वळतात, काही निवळतात. मला हे झेपलं नाही. मिलिंदने कंडक्टरच्या भाषेत सांगितलं: "नवीन रूटवर गेलास की पहिले चार दिवस प्रत्येकाला पास दाखव म्हणतोस. रोज तोच चेहरा दिसला की विचारायचं सोडतोस. माझ्या आतले कंडक्टर माठ हायत, त्यांना रोजचा पासवाला ओळखायला शिकवतोय." झालेलं नुकसान यानं भरून निघत नाही, पुढचे झटके कमी होतात, एवढंच डॉक्टरांनी कबूल केलं होतं. याच्या पुढचं काम जगात चाललंय, असंही ते म्हणाले. नेमका तोच तुकडा देऊन पेशींना कायमचं शिकवायचं. पण अवघड आहे, तुकडा चुकला तर पेशी उलट चवताळतात. मिलिंदने ते मनात धरलं. डॉक्टर आले की त्याचा पहिला प्रश्न, आलं का ते? ते येईपर्यंत तगायचं, हा त्याचा हिशेब.

एकदा मार्चमध्ये, चवदार तळ्यावर माणसांचा पूर लोटलेला, त्यांच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. मिलिंद सकाळपासून दारात बसून येणाऱ्यांना पाणी देत होता. मी त्याला आत घेऊन दंडात टोचलं आणि मिनिटभरात तो लालबुंद झाला. छाती आवळून धरली, श्वास ओढायला लागला, डोळे वटारले. बाहेर लाउडस्पीकर, रिक्षा आत यायची शक्यता नाही. आता मी खरंच मारला याला, असं वाटून मी त्याला खांद्यावर टाकायला गेलो. वहिनींनी मला धक्का देऊन खुर्चीत बसवलं. या औषधानं क्वचित असं होतं, पंधरा मिनिटांत उतरतं, डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं, माझ्या नव्हतं. त्या मिलिंदचा हात धरून घड्याळाकडे बघत राहिल्या. उतरलं. मिलिंदचा पहिला शब्द होता, "बाहेर पाणी संपलं असंल, बघ." त्या दिवशी वहिनींनी मला पहिल्यांदा चहा दिला.

काही वर्षं बरी गेली. मग एका पावसाळ्यात मोठा झटका आला आणि स्टेरॉइडचं सलाइन लावावं लागलं. त्या औषधानं माणूस पेटतो. मिलिंद तीन रात्री झोपला नव्हता. मी सकाळी गेलो तर ताट भिंतीवर फुटलेलं, आमटीचे ओघळ, वहिनी कोपऱ्यात. मला बघताच त्याने विचारलं, "सांगितलंस वरती?" एरवी हे तो चेष्टेत विचारायचा. मी म्हटलं, नाही अजून. त्याने चालायची काठी उचलली आणि माझ्या खांद्यावर हाणली. दुसरी कानावर बसली. बसूनच मारत होता, पण जीव खाऊन. "माझी पोरगी शाळेत भांडून येते," तो ओरडत होता, "तिला म्हणतात तुझा बाप दारुडा. तुझ्या गावची पोरं म्हणतात." तिसऱ्या वेळी मी काठी पकडली, हिसकली, आणि माझी मूठ वर गेली. सलाइनची सुई हातात असलेल्या माणसावर. ती खाली आली नाही, एवढंच. पण वर गेली होती आणि आम्ही तिघांनीही ती बघितली. मी काठी टाकून निघून गेलो. टोचायचे दोन दिवस चुकवले. तिसऱ्या खेपेला गेलो तेव्हा त्याने लुंगी बाजूला करून मांडी पुढे केली. त्या बाजूच्या कानाने मला आजही कमी ऐकू येतं, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

पुढे आजाराचं रूप बदललं. झटके यायचे थांबले आणि सगळंच हळूहळू उतरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, आता या इंजेक्शनचा उपयोग नाही, बंद करा. ते दुसरं आलं का, मिलिंदने विचारलं. डॉक्टर नाही म्हणाले. त्यानंतर त्याने कधी विचारलं नाही. मी सोमवार-बुधवार-शुक्रवार जातच राहिलो, त्याला कुशीवर वळवायला, पाठीच्या जखमा धुवायला, ते तर माझंच काम. गिळताना घास छातीत जायचा, त्यातून न्यूमोनिया झाला. शेवटच्या शुक्रवारी तो बोलू शकत नव्हता. माझ्याकडे बघून त्याने भुवया उंचावल्या, तो काय विचारतोय ते मला कळलं, आणि मी पाठ धुवायला त्याला वळवून घेतलं... म्हणजे त्याचं तोंड भिंतीकडे होईल.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी महाडला बरीच माणसं जमली होती. चार शब्द बोलायला लोक उभे राहत होते. मीही उभा राहिलो, सगळं सांगून टाकायचं ठरवून. वहिनी जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "इथं नको. इथं सगळ्यांना ठाऊक आहे." मी खाली बसलो.

गेल्या रविवारी सकाळी देवळापुढे वाडीची बैठक होती, नळाच्या टाकीची. टाकीचं ठरलं, लोक उठायला लागले तसा मी म्हटलं, बसा, मला बोलायचंय. मी वळणावरचा तो दिवस सांगितला, पहिल्यापासून. सुवर्णा काय म्हणाली होती ते सांगितलं. वास येत नव्हता, मी खोटं बोललो, तो आजारी होता, आयुष्यात त्याने दारूला हात लावला नव्हता. त्या दिवशी माझ्यासोबत असलेले सहाजण तिथेच बसले होते. कोणी माझ्याकडे बघेना. माझी अपेक्षा होती की कोणी ओरडेल, कोणी अंगावर येईल, मी त्यासाठी मुठी आवळूनच उभा होतो. गालावर वस्तऱ्याचा वण असलेले तात्या शांतपणे म्हणाले, "वास नव्हता ता आमाला तवाच ठावं व्हतं. मी बी जवलच व्हतो."

मी विचारलं, मग तुम्ही का मारलंत?

"तू मारलास म्हणून," तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. साडेसातला मी महाडला पोचलो. वहिनींनी दार उघडलं. मिलिंदची खोली झाडून पुसून ठेवलेली, कॉटवर नुसती गादी. बैठकीत मी काय बोललो आणि तात्या काय म्हणाले, ते मी त्यांना शब्दही न बदलता सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी मोरीत गेलो, साबण घेतला आणि कोपरापर्यंत हात धुतले, दर वेळी धुतो तसे, बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून. नळ बंद करून वळलो आणि मग मला कळलं की आता या हातांनी करायचं काहीच नाही. वहिनी दारात टॉवेल घेऊन उभ्या होत्या, दर वेळी उभ्या असायच्या तशा.